मापाडी अप्पा

अप्पांनी पाखरं मोजताना 'एक' हा आकडा कधी तोंडातून काढला नाही. सागाच्या शेंड्यावर एकटा हळद्या बसलेला असला, तरी ते बोट न दाखवता, ओठ जेमतेम हलवत म्हणायचे, "लाभ." दुसरा आला की "दोन", मग "तीन". ज्यांनी मोंढ्यात धान्याचं माप पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. पहिल्या मापाला मापाडी एक म्हणत नाही, लाभ म्हणतो; सुरुवात शुभ व्हावी म्हणून. अप्पा मूळचे आमच्या उदगीरच्या मोंढ्यातले मापाडी. हातातलं माप सुटून त्यांना दहा-बारा वर्षं झाली होती, गाव सुटलं होतं, समोर ज्वारीच्या राशीऐवजी किनवटचं सागाचं रान होतं, पण सकाळचं पहिलं पाखरू दिसलं की लाभच. आमच्या सहलीतल्या एका मास्तरांनी पहिल्या दिवशी वहीत 'लाभ' नावाचा पक्षी लिहून घेतला होता. त्याचं चित्र पुस्तकात कुठेच सापडेना म्हणून ते बिचारे दोन दिवस पानं उलटत होते.

बहात्तरच्या दुष्काळात मोंढ्यात मापायला दाणाच उरला नाही, तेव्हा अप्पा बायको आणि लहान मुलीला घेऊन किनवटला गेले. तिथल्या लाकडाच्या डेपोत ओंडके मोजायला माणूस हवा होता. मोजणं हाच त्यांचा धर्म, मग ज्वारी काय आणि साग काय. पुढे ते वनखात्यात रोजंदारीवर राखणदार झाले आणि जंगल बघायला येणाऱ्या शाळा-कॉलेजच्या सहलींना वाट दाखवायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं. शिकवायला कोणी नव्हतं. डेपोत बसून बसून त्यांनी आधी पाखरांचे आवाज ओळखीचे करून घेतले आणि मग एकेक तोंडं. किनवटला त्यांचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. कोलाम पाड्यापासून रेल्वे स्टेशनपर्यंत सगळे त्यांना मापाडी अप्पा म्हणत.

माझी त्यांची गाठ पडली ती नव्या जिल्ह्यामुळे. लातूर जिल्हा वेगळा झाला आणि आमच्यासारख्या नुकतीच पदवी घेतलेल्या पोरांचं नशीब उघडलं. नवी कार्यालयं, नवी टेबलं, रंगाचा वास न गेलेल्या खुर्च्या. मी त्यातल्याच एका कार्यालयात कनिष्ठ कारकून म्हणून चिकटलो. आम्हा चार-पाच जणांना पाखरं बघायचा नाद होता आणि लातुरात झाड बघायचं म्हटलं तरी लांब जावं लागायचं. म्हणून दिवाळीच्या सुटीत आम्ही किनवटला जायला लागलो. नांदेडपर्यंत एसटी, तिथून मुदखेड आणि मुदखेडहून ती रमतगमत जाणारी छोटी गाडी.

पहिल्याच वर्षी अप्पांनी नावगाव विचारलं, मी उदगीर म्हणालो आणि ते जागीच थांबले. "उदगीरचा? कुणाचा?" मोंढ्याच्या तोंडाशी आमचं सुतळी-बारदानाचं दुकान होतं, ते सांगितल्यावर त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी तू बसू. तुला म्या पोत्याच्या थप्पीवर निजलेलं बगितलंय." त्यानंतर आमच्या सहलीतले बाकीचे सगळे त्यांच्या लेखी 'गिऱ्हाईक' आणि मी माझ्या लहानपणच्या, घरातल्या नावाने बसू. रानात शिरण्याआधी ते सगळ्यांना बजावत, "गिऱ्हाइकानं मालाला हात लावू न्हाई. तोंडानं भाव करू न्हाई. सुम्म बसायचं." सुम्म हा त्यांचा कानडी शब्द, त्याचा अर्थ सांगायची गरज कधी पडली नाही, कारण तो उच्चारताना ते असे काही बघत की माणूस आपोआप गप्प व्हायचा.

अप्पा पक्के लिंगायत. गळ्यात लिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. पण रानाच्या तोंडाशी आले की कपाळावरचे विभूतीचे पट्टे बोटांनी पुसून सदऱ्याच्या आत छातीवर लावायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पांढरं लांबून दिसतंय. शंकर समजून घेतो, मोर घेत न्हाई." परत येताना ओढ्यापाशी थांबून तेच बोट छातीवरून कपाळावर. हे करताना ते जरा लाजायचे, आणि आम्ही दुसरीकडे बघत असल्याचं नाटक करायचो.

मोठे थवे मोजायची त्यांची रीत तर ऐकण्यासारखी होती. हिवाळ्यात भोरड्यांचा थवा ज्वारीवर उतरला की आम्ही वह्या काढून पाचशे की सातशे असा वाद घालत बसायचो. अप्पा एकदा नजर टाकायचे. "अडीच पोती." मला ते पटायचं नाही. मी म्हणायचो, "अप्पा, पाखरं पोत्यात कशी मोजायची?" "मंग ज्वारीचे दाणे मोजतोस का तू? राशीकडं बगून अंदाज येतोय का न्हाई?" आमच्यातल्या एका हट्टी गृहस्थाने दोन वर्षं त्यांच्या पोत्यांची आणि आपल्या आकड्यांची जुळणी करून पाहिली. अप्पांचं पोतं दर वेळी तेवढंच भरत होतं.

दुर्बिणीबद्दल त्यांचं मत वाईट होतं. आम्ही आग्रहाने डोळ्याला लावायला दिली, तर त्यांनी एका सुतारपक्ष्याकडे क्षणभर पाहिलं आणि लगेच परत केली. "एवढं जवळ जायचं अन् त्याला पत्ता लागू द्यायचा न्हाई, ही लबाडी हाय." त्यांचं सगळं काम कानाने चाले. तांबट कुठल्या झाडाच्या कुठल्या फांदीवर ठोकतोय, धनेश एकटा आहे की जोडीने, टकाचोर ओरडतोय तो सापाला बघून की आम्हाला बघून, हे ते मान खाली घालून चालता चालता सांगत. मी त्यांच्यामागे चालत असे. त्यांच्या टायरच्या चपला त्यांच्या हातात असत आणि माझे बूट करकर वाजत. सहा-सात तासांत ते मला एवढंच म्हणत, "बसू, तुझा बूट लई बोलतोय."

बोलायचं ते सगळं घरी आल्यावर. डेपोच्या मागे त्यांची दोन खोल्यांची झोपडी होती. त्यांच्या बायकोला सगळे अव्वा म्हणत, मीही म्हणायला लागलो. अव्वा धपाटे थापत आणि अप्पा मला उदगीर विचारत. तूर निघाली का औंदा? किल्ल्याच्या वाटेवरचं ते चिंचेचं झाड हाय का? मोंढ्यात आता माप बंद होऊन काटे आले म्हणं, खरं हाय? मी सांगे आणि ते ऐकताना त्यांचा चेहरा असा होई की मला न घडलेल्या गोष्टीही सांगाव्याशा वाटत. एकदा म्हणाले, "म्या निगालो तवा उदगीर उस्मानाबादेत होतं. आता म्हणतेत लातुरात हाय. म्या हाललो ते हाललो, माघारी गावबी हाललं की रे!" आणि स्वतःच खूप हसले. अव्वा हसल्या नाहीत. त्यांची एकुलती एक मुलगी शिरूर अनंतपाळला दिलेली होती. उदगीरहून ती तासा-दीड तासाच्या वाटेवर. किनवटहून तिच्याकडे जायचं तर दीड दिवस आणि चार गाड्या बदलायच्या. नातू चालायला लागला हे त्यांना पत्रातून कळलं होतं.

नवा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली आणि दुष्काळ पडला. बहात्तरएवढा नाही, असं म्हातारी माणसं म्हणत. पण विहिरी त्यांच्या मताची वाट न बघता आटत होत्या. पहिलं वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये मी एकटाच किनवटला गेलो, तर सागाला पान नव्हतं. रान आरपार दिसत होतं. पाखरांना बसायला सावली नव्हती आणि प्यायला पाणी एकाच जागी होतं. ओढ्याच्या कोरड्या पात्रात एका मोहाखाली झिरा होता. वाळू उकरली की त्यात परातभर पाणी जमायचं. रोज उजाडायच्या आत अप्पा फावडं घेऊन जात, ढासळलेली वाळू काढत आणि पाणी वर यायची वाट बघत बसत. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

मला वाटलं, आता तर पाखरं बघायची चैनच आहे. सगळं रान एका परातीवर येणार. पण अप्पा कुठल्याही सहलीला त्या बाजूला फिरकू देत नसत. लोक चिडायचे. नांदेडहून आलेल्या एका पाहुण्याने तर कपाळाला हात लावला, की उन्हाळ्यात पाणवठ्यावर नेत नाही असा कसला वाटाड्या! अप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. "जेवत्याच्या ताटाकडं अन् पाणी पित्याच्या तोंडाकडं बगू न्हाई. तुमच्या घरी बगतेत का?" तहानलेलं पाखरू माणूस बघून उतरत नाही, वर बसून वाट बघतं आणि त्यात त्याचा जीव जातो, हेही ते सांगत. पण आधी ती ताटाची गोष्ट.

मला मात्र त्या एप्रिलमध्ये ते घेऊन गेले. वाळू काढून झाल्यावर पन्नासेक पावलांवर एका दरडीआड आम्ही बसलो. मी मान वळवायला लागलो तर त्यांनी माझा खांदा धरला. "पाठ करून बस. ऐक." आम्ही दोघं झिऱ्याकडे पाठ करून बसलो. आधी पंखांचा एक फडका. मग वाळूवर बारीक पावलं, होल्यांची असावीत. मग एवढासा, चुटुक असा आवाज, पुन्हा चुटुक. थोड्या वेळाने इतक्या चोची एकाच वेळी पाण्यात पडायला लागल्या की माझ्या अंगावर काटा आला. अप्पा डोळे मिटून पुटपुटत होते, लाभ, दोन, तीन. त्या एका तासात मी एकही पाखरू पाहिलं नाही. आयुष्यात पाखरांच्या इतकं जवळ मी कधीच नव्हतो.

त्याच मुक्कामात मी त्यांना बातमी सांगितली. नव्या जिल्ह्यात झाडं लावायची मोठी योजना आली होती, उदगीरजवळ रोपवाटिका होणार होती आणि तिथे चौकीदाराची जागा निघणार होती. कायम जागा, राहायला खोली. कागद माझ्याच टेबलावरून जात होते. अप्पांनी चपलेत रुतलेला काटा काढायला घेतला. चुलीपुढे बसलेल्या अव्वांनी मात्र पदराने हात पुसले आणि विचारलं, "कवा?" मी म्हणालो, अर्ज तर करू. अडचण एवढीच होती, की जागा लातूर जिल्ह्यातल्या माणसासाठी होती आणि कागदावर अप्पा नांदेड जिल्ह्याचे झाले होते. साहेबांनी मनावर घेतलं तरच गाडं पुढे सरकणार होतं. अर्ज मी लिहिला. जीभ दातात धरून अप्पांनी त्यावर सही केली. मी निघालो तेव्हा म्हणाले, "घाई करू नको. न्हाई झालं तर न्हाई." पण मला स्टेशनवर सोडायला ते कधी येत नसत, त्या दिवशी आले.

आमचे साहेब पुण्याकडचे. मनाने वाईट नव्हते. नवा कॅमेरा घेतला होता आणि जंगल बघायची हौस होती. मी बेत रचला. साहेबांना किनवटला न्यायचं, अप्पांनी त्यांना रान दाखवायचं, साहेब खूश झाले की तिथल्या तिथे अर्ज पुढे करायचा. कारकुनाच्या डोक्यातून याहून मोठी युक्ती निघत नाही. मे महिन्यात साहेब, बाईसाहेब आणि मी असे जीपने निघालो. अर्ज माझ्या पिशवीत होता.

सकाळी तीन तास अप्पांनी आम्हाला हिंडवलं आणि रानाने काही म्हणजे काही दाखवलं नाही. सातभाईंचं एक टोळकं, दोन कोतवाल, लांबून धनेशाचा आवाज. अप्पा आवाजांबद्दल सांगत होते, पण आवाजाचा फोटो निघत नाही. साहेब घामाने निथळत होते. बाईसाहेबांनी मला हळूच विचारलं, "अहो, इथे पक्षी आहेत ना नक्की?" मी घाईने मान डोलावली. दहाच्या सुमारास अप्पा म्हणाले, आता बास, ऊन झालं, तुम्ही ओढ्याकाठच्या सावलीत बसा, मी घरून धपाटे घेऊन येतो. ते वळणाआड गेले आणि मी साहेबांना म्हणालो, "सर, इथून जवळच एक जागा आहे."

त्यात माझा काही वाईट हेतू नव्हता, असं मी पुढे पुष्कळदा स्वतःला सांगितलं. अप्पांसाठीच तर चाललं होतं सगळं. आम्ही झिऱ्यापासून आठ-दहा पावलांवर सतरंजी अंथरली. साहेबांनी कॅमेरा सरसावला. पाव तास काही झालं नाही आणि मग पाखरं यायला लागली. मोहावर, पळसावर, सागाच्या उघड्या फांद्यांवर. होले, बुलबुल, हळदे, हरियलांचा थवा. लांब शुभ्र शेपटीचा एक दूधराज इतका खाली आला की बाईसाहेब टाळी वाजवता वाजवता थांबल्या. पलीकडच्या काठावर मोर येऊन उभे राहिले. साहेब हर्षाने कुजबुजत होते, "कमाल आहे! अख्खं जंगल इथेच आहे की!" कॅमेऱ्याची कळ सारखी दाबली जात होती. मीही खूश. एकही पाखरू खाली उतरत नाही, सगळ्यांच्या चोची उघड्या आहेत आणि पंख ओघळल्यासारखे झालेत, हे मी बघत होतो. ते काय आहे हे आम्हा तिघांत फक्त मला माहीत होतं. तरी मी अजून दहा मिनिटं, अजून दहा मिनिटं करत तास घालवला.

अप्पा टोपली घेऊन आले ते दरडीवरच थबकले. त्यांनी वर झाडांकडे पाहिलं, मग सतरंजीकडे, आणि मग माझ्याकडे. साहेब उत्साहाने म्हणाले, "काय हो अप्पा, एवढी सुंदर जागा आणि तुम्ही लपवून ठेवली होती?" अप्पांनी टोपली खाली ठेवली.

"साहेब, उठा."

"बसू द्या हो थोडं. आत्ता तर कुठे प्रकाश चांगला आलाय."

"पंगत खोळंबली हाय, साहेब. आपून उठल्याबिगर ती बसत न्हाई." असं म्हणून त्यांनी सतरंजीचं एक टोक उचललं आणि गुंडाळायला सुरुवात केली. बाईसाहेब घाईने उठल्या. साहेबांना उठावंच लागलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "ही काय पद्धत झाली? आम्हाला इथे आणलं कोणी? आम्हाला काय माहीत तुमचे नियम!"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. सर, मी आणलं, यांनी कधीच आणलं नसतं. एवढंच वाक्य. ते माझ्या घशापर्यंत आलं आणि पिशवीतल्या अर्जाच्या भीतीने परत गेलं. मी बुटाच्या लेसशी खेळत राहिलो. अप्पांनी एकवार माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. "माजीच चूक झाली, साहेब. म्या तुमाला आधी सांगायला पायजे होतं." आम्ही वळणापर्यंतही पोचलो नव्हतो, तर मागे पंखांचा एकच सडा पडल्यासारखा आवाज झाला. साहेबांनी मागे वळून पाहिलं. अप्पांनी पाहिलं नाही.

धपाटे न खाताच साहेब निघाले. परतीच्या वाटेवर ते भोकरपर्यंत कॅमेरा पुसत राहिले. मग म्हणाले, "विचित्र माणूस आहे." झालं. मला तेवढं पुरलं. कारकुनी करता करता माणसाला एक रोग जडतो, साहेबाच्या मनातलं साहेबाच्या आधी ओळखायचा. विचित्र म्हणजे उद्धट, उद्धट म्हणजे अर्ज नामंजूर, आणि वर असला अर्ज पुढे केला म्हणून मीच डोळ्यांवर येणार. मी मनातल्या मनात सगळी टिपणी लिहून मोकळा झालो. अर्ज पिशवीतून टेबलाच्या खणात गेला आणि शेवटची तारीख उलटून गेली तरी खणातच राहिला. अप्पांचं एक पत्र आलं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. साहेब रागावले काय? अव्वाने बांधाबांध सुरू केली आहे, तिला काय सांगू? मी उत्तर दिलं नाही.

जूनमध्ये एका दुपारी साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर फोटो पसरले होते. उघड्या चोचींचे होले, उघड्या चोचींचे बुलबुल, तो दूधराज, त्याचीही चोच उघडी. साहेब बराच वेळ फोटोंकडे बघत राहिले. "बघितलंत? त्या माणसाने उठवलं म्हणून बरं. मी आणखी तासभर बसलो असतो." मग म्हणाले, "तुमच्याच गावचा ना तो? रोपवाटिकेसाठी असाच माणूस हवा होता. त्याने अर्ज का नाही केला? जिल्ह्याचं काय, ते मी बघितलं असतं." यादी आदल्याच आठवड्यात कायम झाली होती. "सांगतो, सर," म्हणून मी बाहेर आलो आणि खण उघडायचं धैर्य मला संध्याकाळपर्यंत झालं नाही.

पुढच्या शनिवारी मी किनवटला गेलो. पाऊस पडून गेला होता, सागाला पालवी फुटली होती. अप्पा ओट्यावर बसून फावड्याला नवा दांडा बसवत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. अर्ज दिलाच नाही, साहेब सही करणार होते, जागा गेली. घराच्या आत कोपऱ्यात बांधलेली गाठोडी मला दिसत होती, म्हणून मी जमिनीकडे बघून बोललो. अप्पांनी दांडा ठोकून बसवला, हलवून पाहिला आणि मोठ्याने हसले.

"अरे वेड्या, मला कुठं जायाचंय उदगीरला? तिथं आता वळखीचं कोण हाय माझ्या? हे रान सोडून रोपांच्या पिशव्या राखीत बसू? बरं झालं बाबा, सुटलो. तिचाच हट्ट होता तो." आणि मला ओढून शेजारी बसवलं. मी इतका हलका झालो की चार धपाटे खाल्ले. अव्वा वाढायला आल्या नाहीत, अप्पांनीच वाढलं. निघताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "दिवाळीला ये. नवरंग जातेत ह्या वाटेनं, तुला अजून दावला न्हाई." मी हो म्हणालो.

मी गेलो नाही. त्या दिवाळीला माझं लग्न ठरत होतं, पुढच्या वर्षी बढतीची परीक्षा होती, मग बदली, मग मुलं. माफी मिळालेला माणूस फार लवकर मोकळा होतो. खरं सांगायचं तर त्या झोपडीत पुन्हा बसायची मला लाज वाटत होती, आणि लाजेला कामाचं नाव देणं सोपं असतं. अप्पा म्हणालेच होते ना, की त्यांना यायचं नव्हतं. ते वाक्य मी जपून ठेवलं आणि जेव्हा जेव्हा टोचायला लागलं तेव्हा काढून बघत राहिलो. मधूनच कुठेतरी सकाळी तांबट ठोकायला लागला की मात्र मी हातातलं काम सोडून उभा राहायचो. त्यांच्या मागून एकदा तरी पुन्हा चालावं, असं फार वाटायचं. तरीही गेलो नाही.

आठ-दहा वर्षांनी शिरूर अनंतपाळला कामासाठी गेलो असताना बाजारात एका बाईने मला ओळखलं. अप्पांची मुलगी. घरी घेऊन गेली. अव्वा तिथेच होत्या, कपाळ मोकळं. अप्पांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तापाचं निमित्त झालं, किनवटलाच. मला कोणी कळवलं नव्हतं. कोणत्या पत्त्यावर कळवणार होते?

मी म्हणालो, "अव्वा, अप्पांना तसं उदगीरला यायचं नव्हतंच ना." काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

अव्वांनी माझ्याकडे पाहिलं. "कोण म्हणलं?"

"तेच म्हणाले होते."

"हाव, तुला म्हणले." अव्वा म्हणाल्या. "पाड्यावरच्या कोलामाला झिरा कसा काढायचा ते शिकवून ठिवलं होतं त्यांनी. आपुन गेल्यावर पाखरांचं कसं व्हावं म्हणून. मोंढ्यातल्या चुलतभावाला कागूद धाडला होता, येतो म्हणून. तू धपाटे खाऊन गेलास अन् त्यांनी आपल्या हातानं गाठोडी सोडली. आठ दिस रानात गेले न्हाईत. भिताडाकडं तोंड करून निजून राहिले."

मी विचारलं, "मग मला काही बोलले का नाहीत?"

"म्या बी तेच म्हणलं. त्या पोराला कामून सोडलं म्हणलं. तर म्हणले, सांगायला आलं ना लेकरू एवढ्या लांब, अजून त्याला काय बोलू."

मुलगी चहा ठेवून गेली. तो निवत चालला होता. मला वाटत होतं, त्यांनी त्या दिवशी फावड्याचा दांडा माझ्या पाठीत घातला असता तर फार बरं झालं असतं. मी त्या दिवाळीला नक्की गेलो असतो. ते मला अव्वांना सांगता आलं नाही. मी फक्त एवढंच विचारलं, की अप्पा पुढे कधी माझ्यावर रागावले होते का.

"रागावले की," अव्वा म्हणाल्या. "दर दिवाळीला गाडीच्या टायमाला टेसनावर जायचे. तूच आला न्हाईस."